सोनारआळीतला नवा नक्षीकार

डोंगरापलीकडे एक नगर होतं. तिथे साधा पाट करायचा झाला तरी आधी त्याचं चित्र काढत, म्हणून नक्षीकारांना मोठा मान. त्यातल्या एका तरुणाचा हात तर असा चालायचा, की कागदावर रोज काहीतरी नवं उमटे. कालचंच आज पुन्हा काढायला सांगितलं की स्वारीला जांभया यायच्या.

नगराची रीत अशी, की शिकून झालेल्याने एकाच आळीत गंडा बांधायचा. कुंभारआळी, खेळण्यांची आळी, सोनारआळी, कुठलीही निवडा. पण एकदा बांधलेला गंडा एक तप सुटायचा नाही. निवड चुकू नये म्हणून आधी महिनाभर मोकळीक मिळे. कुठल्याही कारखान्यात मागच्या दाराने जावं आणि माणसं दिवसभर काय करतात ते बघत बसावं.

आमचा पठ्ठ्या कशाला मागच्या दाराने जातोय! तिथे चिखल, भुसा, धूर. तो महिनाभर सोनारआळीतल्या पेढीच्या पुढच्या दारातच उभा राहिला. मखमलीवर राणीचा चंद्रहार मांडलेला, भोवती ही गर्दी. असलं काहीतरी आपण काढायचं, या कल्पनेनेच त्याची तहानभूक हरपली.

गंडा बांधायच्या दिवशी नगरातल्या सगळ्यांत जाणत्या नक्षीकार बाईंनी त्याला जवळ बसवलं.

"सोनारआळीतला दिवस पाहिलास का, बाळा?"

"दागिने पाहिले ना, बाई."

बाईंनी पुन्हा तेच विचारलं, त्यानेही पुन्हा तेच सांगितलं. मग त्यांनी नाइलाजाने गंडा बांधला.

दुसऱ्या दिवशी पेढीच्या मालकांनी त्याला कोयरीचा एक नमुना दिला आणि वर ठेवायला पातळ कागद. गिरव म्हणाले. त्याने दिवसभर गिरवली. पुढच्या दिवशीही कोयरीच, त्याच्या पुढच्याही. शेवटी न राहवून त्याने कोयरीच्या पोटात एक इवलासा मोर काढला. मालक रागावले नाहीत. त्यांनी कागद शांतपणे फाडला आणि समजावलं, की इथे लोक आजीच्या गळ्यात होतं तस्संच घडवून घ्यायला येतात. रेघ हलली की गिऱ्हाईक परत जातं.

"मग तो चंद्रहार?" त्याने विचारलं.

"माझ्या पणजोबांनी काढला. त्यानंतर या आळीत कुणी काही नवीन काढलेलं नाही."

त्याच्या पायाखालची जमीन सरकली. एक तप कोयऱ्या? तो धावत बाईंकडे गेला, पाया पडला, रडला. बाईंचाही जीव तुटला. पण त्याच्या शब्दावर मालकांनी जागा मागायला आलेल्या बाकीच्या नक्षीकारांना परत पाठवलं होतं. गंडा सोडायचा कसा? तो मुकाट्याने परत आला आणि गिरवत राहिला. हळूहळू त्याच्या जांभयाही थांबल्या.

तप सरलं. गंडा सुटला त्याच दिवशी त्याने कुंभारआळी गाठली. तिथे नुसती हमरीतुमरी चालली होती, कारण नव्या सुरईतून ओतताना पाणी मनगटावरून ओघळत होतं. इथे रोज काहीतरी नवं काढायला मिळणार, म्हणून त्याला केवढा आनंद झाला! म्हातारी कुंभारीण त्याच्यापुढे कोरा कागद सरकवत म्हणाली, "सुरईचं तोंड कसं असावं? तुला सुचेल ते काढ."

त्याने लेखणी टेकवली. जरा वेळाने ती वाकून बघते, तर कागदावर कोयरी.

तो स्वतःच दचकला. कागद उलटा केला, डोळे मिटून सुरई मनात आणली, पुन्हा हात चालवला. डोळे उघडले तर पुन्हा कोयरीच, आणि तीसुद्धा अगदी बिनचूक. त्याने डाव्या हाताने उजवा हात घट्ट धरला आणि एवढा मोठा बाप्या पोरासारखा हमसून हमसून रडायला लागला.

तात्पर्य एवढंच, मुलांनो: कौतुक कुठे होतं ते बघून काम निवडू नका, त्या कामात आपला रोजचा दिवस कसा जाणार ते आधी बघा, कारण रोज जे करू, तेवढंच शेवटी आपल्याला करता येतं.