सांध्यातलं मडकं

फार वर्षांपूर्वी, म्हणजे तुमच्या आज्याच्या आज्यालाही मिसरूड फुटलं नव्हतं तेव्हा, आपल्या या खाडीकाठी मथुरा नावाची एक बाई होती. तिचं काम एवढंच, बांधावर राबणाऱ्यांना पाणी पाजायचं. ना ती मुकादम, ना कुठली कारभारीण. तरी हा बांध तिच्यामुळं उभा आहे, असं म्हणतात.

बांध नसला तर भरतीचं खारं पाणी भातशेतीत शिरतं आणि जमीन मरते. म्हणून दर साली शिमग्याआधी गाव बांधाची डागडुजी करी. वरची वाडी एका टोकाकडून, खालची वाडी दुसऱ्या टोकाकडून. दोघांत चढाओढ अशी, की विचारू नका! पण मधोमध दोन्ही कामं जिथं भेटत, तो सांधा मात्र कुणाचाच नसे. वरचे म्हणत, "आमचं टोक झालं, सांधा त्यांनी बघावा." खालचेही तेच म्हणत. आणि उधाण आलं की बांध नेमका तिथंच फुटे. हसताय काय? तुमचेच पूर्वज ते!

असं होता होता शेतं मिठानं पांढरी पडली. यंदाही पाणी शिरलं तर गाव सोडायचं, असं ठरलं. बायकांनी भांडीकुंडी बांधायला काढली. मथुरेचा एकच कुणगा होता, भाताचा इवलासा तुकडा, तोही अगदी सांध्यामागं. तो गेला तर जायचं कुठं, या काळजीनं तिला घास उतरेना.

मुकादम बांधावर उभा राहून कोकलायचा आणि घसा सुकला की मथुरेकडंच पाणी मागायचा. ती डोक्यावर मडकं घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरे. वरच्या वाडीचा धाकू म्हणे, "वैनी, त्या खालच्यांना सांग, कामचोर हायत म्हणावं." ती म्हणे, "डोक्यावर मडकं हाय रे बाबा, आणिक ओझं कुठं घेऊ?" पण कुणाच्या तोंडून चुकून बरा शब्द निसटला, की तो ती न सांडता पोचवी. "धाकू, तुझ्यासारखी ढेकळं कुणाला रचता येत नाहीत, असं खालचा राघो म्हणत होता हो." धाकू नुसता 'हं' करी. पण त्याची पुढची ढेकळं आणखी नीट बसत, असं म्हणतात.

मग शिमग्याच्या पुनवेचं उधाण आलं. भर दुपारी सांध्यातून पाणी उसळायला लागलं. दोन्ही वाड्या दोन बाजूंना उभ्या, आणि वाद अजून चालूच, की सांधा कुणाचा! मुकादमाचा तर आवाजच बसला. मथुरेनं मडक्यातलं गोडं पाणी ओतून टाकलं, त्यात चिखल भरला आणि ती सरळ भगदाडात उतरली. तिनं मडकं तिथं रोवलं आणि हातांनी दाबून धरलं.

"हे माझं टोक," ती म्हणाली. "धाकू, ढेकळं रच. राघो, चिखल दे त्याला. तुझ्या हातचा चिखल तडकत नाही, असं तोच म्हणतो. ठावं हाय ना तुला?"

राघोला ठाऊक होतं. मथुरेनंच तर पोचवलं होतं. दोघं एकदमच उतरले आणि त्यांच्यामागं दोन्ही वाड्या. पाणी मथुरेच्या गळ्याशी आलं आणि तिथंच थांबलं. खाडीनं तिचा मान राखला, असं म्हणतात. मी म्हणतो, माणसांनीच पाण्याला वाट ठेवली नाही. पण असू दे, खाडीलाही थोडं श्रेय द्यावं.

सांधा बुजला, मडकं आतच राहिलं. मथुरा बाहेर आली, पदर पिळला आणि म्हणाली, "दुसरं मडकं आणा गो कुणीतरी. माणसं तहानलीत."

तेव्हापासून आपल्याकडं बांधाचं काम टोकापासून नाही, सांध्यापासून सुरू होतं. आधी चिखलानं भरलेलं मडकं तिथं ठेवायचं. मग पाणी. पण पाणी पिण्याआधी दुसऱ्या वाडीतल्या कुणाबद्दल तरी एक चांगली गोष्ट सांगावी लागते. गेल्या साली वरच्या वाडीच्या एका म्हाताऱ्याला काही केल्या सुचेना. घशाला कोरड पडली, तरी गडी अडून बसलेला. शेवटी म्हणाला, "त्यांचे बैल बरे हायत!" चाललं. दुपारी तोच म्हातारा खालच्या वाडीच्या चिखलाच्या पाट्या उचलत होता.

आणि त्या दिवशी जो कोणी पाणी वाढतो, मग तो सरपंच का असेना, त्याला सगळे मथुराच म्हणतात. तोही निमूटपणे 'ओ' देतो.