लिंबाचा पगार

मी आमच्या गावच्या क्लबकडून हॉकी खेळतो असं म्हटलं, तर हॉकीला राग येईल. आमचा फॉरवर्ड विल्सन चेंडू घेऊन पळतो आणि त्याला पाडायला जो येईल, त्याच्या अंगावर मी जाऊन पडतो. कौशल्य एवढंच. बाकी सगळं वजन.

यंदा माझा करार संपला. क्लबचे अध्यक्ष मुरकुटेसाहेब यांनी मला आपल्या मोटारसायकलच्या शोरूममध्ये बोलावलं आणि गिऱ्हाइकांदेखत विचारलं, "खळदकर, तुला परत कशाला घेऊ? अख्ख्या मोसमात गोल किती केलेस?"

"एकही नाही. पण साहेब, तुमच्या दारावरच्या लिंबू-मिरचीनं आजवर गाड्या किती विकल्या?"

गिऱ्हाइकं हसली. साहेब मात्र कच्चे नव्हते. "अरे, ती मी दर शनिवारी काढून रस्त्यात फेकतो!"

"मलाही फेका. मी जाऊन पडेन नदीपलीकडच्या संघात. पण रस्त्यात पडलेली लिंबू-मिरची तुम्ही स्वतः तरी ओलांडता का? मग तुमचा विल्सन मला कसा ओलांडणार?"

साहेबांनी दाराबाहेर पाहिलं. कालची लिंबू-मिरची तिथंच पडली होती आणि जो तो तिला वळसा घालून जात होता. त्यांनी पेन काढलं आणि नव्या करारावर सही केली.

मी खुशीत पगारवाढीचं बोललो.

साहेबांनी हसत दाराकडे बोट दाखवलं. "ती दहा रुपयांत अख्खं शोरूम सांभाळते. आणि तूही तिच्यासारखाच, असं तूच म्हणालास ना?"

लाखालाखाच्या गाड्या समोर उभ्या होत्या, आणि मला स्वतःसाठी सुचलं काय, तर लिंबू!