नवाथेसाहेबांचा विचार

१४ डिसेंबर, रविवार. सांगलीत आभाळ भरून आलेलं आणि हवा चांगलीच गारठलेली. तरी ट्रेडिंग कार्ड, म्हणजे चित्रांच्या पत्त्यांच्या खेळाच्या, स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात पंच कानविंदे घामाघूम झाले होते. वेळ संपताना ज्याचे गुण जास्त, तो अंतिम फेरीत जाणार होता. तीन गुणांनी पुढे असलेले नवाथेसाहेब, म्हणजे स्पर्धा मंडळाचे अध्यक्षच, एकेका चालीला चार-चार मिनिटं लावत होते. शेवटी समोरच्या मुग्धा टिळेकरने हात वर केला.

"पंच, हे मुद्दाम वेळ काढताहेत."

"विचार करतोय मी!" नवाथे कडाडले. "विचार करायला बंदी आहे, असा नियम दाखवा, कानविंदे. नियम मीच लिहिलेत."

कानविंद्यांनी नियमावली दोनदा चाळली. चाल 'वाजवी वेळात' करावी, एवढंच होतं. वाजवी म्हणजे किती? विचार आणि चालढकल बाहेरून सारखीच दिसते, मग ओळखायचं कसं?

मुग्धाने अंगावरची शाल काढून टेबलावरच्या सगळ्या कार्डांवर पसरली.

"काका, एवढा विचार केलात ना? मग सांगा, मी शेवटचं कार्ड कुठलं टाकलं?"

"ते... ड्रॅगनचं. नाही, थांब, किल्ल्याचं..."

"राहू द्या. वेळ किती उरलाय?"

"सहा मिनिटं दहा सेकंद," नवाथे मान वर न करताच म्हणाले.

कानविंद्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सहा मिनिटं दहा सेकंद. मग शाल उचलली. शेवटचं कार्ड विहिरीचं होतं.

नवाथ्यांना ताकीद. सामन्याला बारा मिनिटं वाढवून. मुग्धा टिळेकर दोन गुणांनी विजयी.