पॅनलची खंडेनवमी

वस्तू बोलत, माणसं ऐकत आणि ऐकून सोडून देत, त्या काळातली ही गोष्ट. हेरंबराव टिळव्यांच्या गच्चीवर एक सोलर पॅनल होतं. त्याला पंचवीस वर्षं जगायचं होतं. नवव्या वर्षीच त्याची वीज निम्म्यावर आली होती.

खंडेनवमीला हेरंबराव ताम्हण घेऊन वर आले. धुळीचा थर आणि कबुतरांची घाण चुकवत त्यांनी पॅनलला हळदकुंकू वाहिलं, मधोमध झेंडूचा जाड हार ठेवला आणि हात जोडले.

“अहो, हार नको, फडकं आणा!” पॅनल वैतागून म्हणालं. “सकाळी मी गार असताना साध्या पाण्यानं पुसा. आणि हा हार उचला. सावली पडते तेवढाच भाग तापून जळतो.”

“सणाच्या दिवशी हार उचलू?”

“मग उद्या उचला.”

“उद्या दसरा.”

“परवा?”

“बघू. पंचवीस वर्षांची हमी आहे की तुझी!”

“हमीपत्र वाचलंत का कधी?”

“जपून ठेवलंय,” हेरंबराव अभिमानानं म्हणाले.

हार आपोआप गळेपर्यंत काढायचा नाही, अशी घरची रीत होती. तो महिनाभर तिथेच सुकला. दिवाळीनंतर दुरुस्तीवाल्यानं तो उचलला, तेव्हा खाली काच करपली होती आणि पॅनल कायमचं गप्प झालं होतं.

“साहेब, हे हारानं मेलं,” तो म्हणाला.

हेरंबराव फार हळहळले. नवं पॅनल आलं, तेव्हा त्यांनी हार अजिबात घातला नाही. पुन्हा दृष्ट लागू नये, म्हणून त्याच्यापुढे फक्त लिंबू-मिरची टांगली.