विहिरीतला नाग आणि लाखबंद घडे

फार पूर्वी मणिकूट नगरीवर सुबाहू राजाचे राज्य होते. त्या काळी बोधिसत्त्वांनी पूर्णक नावाच्या व्यापाऱ्याचा जन्म घेतला होता. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी घड्यांत भरायचे, तोंड लाखेने बंद करायचे आणि रानवाटेने जाणाऱ्या तांड्यांना विकायचे, हा त्यांचा धंदा. नगरातले लोक चौकातल्या विहिरीचेच पाणी पीत. दारात विहीर असताना पाणी विकत घेणे म्हणजे सावली विकत घेणे, असे ते हसून म्हणत.

एका उन्हाळ्यात नगरात जुलाबाची साथ आली आणि कोणीतरी म्हणाले, विहिरीत नाग गरळ ओकतो. नाग कोणीच पाहिला नव्हता. पाहणाऱ्याला ओळखणारे मात्र घरोघर निघाले. विहीर ओस पडली. पूर्णकांच्या दारात घड्यांसाठी रांग लागली.

पूर्णकांची सून उत्पला त्या घरात नवीनच आली होती. तीही भ्यायली होती. लाख फुटल्याचा आवाज ऐकल्याशिवाय तिच्या घशाखाली घोट उतरत नसे.

एका सकाळी तिला खिडकीतून शेजारची कुंभारीण रेवा विहिरीवर दिसली. कडेवर तान्हे मूल होते आणि ती घागरीतले शेवाळ बोटाने बाजूला सारत होती. उत्पला धावत खाली गेली.

"अगं, हे पाणी बाळाला पाजतेस?"

"मग काय पाजू, वहिनी? तुमचे घडे मीच घडवते. पण भरलेला घडा विकत घ्यायला माझ्याकडे पैसा कुठला आलाय?"

मुलाचे डोळे खोल गेले होते. उत्पलाने विहिरीत डोकावले. पाणी हिरवे पडले होते. दर वैशाखात घरटी एक माणूस येऊन विहिरीचा गाळ उपसत असे. यंदा भीतीने कोणी आले नव्हते. रोज पाणी शेंदणारे हातही उरले नव्हते.

संध्याकाळी पूर्णकांचा भागीदार कर्कट ओटीवर आला. "थोडे दिवस थांबा, श्रेष्ठी. विहीर आपोआप नासते आहे. मग राजवाड्यासकट सगळे आपल्या दारात! आपण थोडंच विष घातलंय? लोक घाबरले, त्याला आपण काय करणार?"

सुनेने सासऱ्याशी थेट बोलायचे नाही, अशी त्या घरची रीत होती. दाराआडून उत्पला सासूला, धनवतीला म्हणाली, "आत्याबाई, मामंजींना सांगा, विहिरीत नाग नाही. उपसा झाला नाही म्हणून ती मरते आहे. आणि रेवाचं बाळ तेच पाणी पितंय."

मामंजी हातभर अंतरावर बसले होते. धनवती त्यांच्याकडे वळली. "ऐकलंत का, सून म्हणते..."

"ऐकलं," पूर्णक म्हणाले आणि उठले. "गाड्यांचे बैल सोडा. उद्या ते मोटेला जुंपायचे."

"मग घडे कोण आणणार?" कर्कट ओरडला. "लोक दगड मारतील!"

"मारू देत. उरलेले घडे तान्ही मुलं असलेल्या घरी पोचवा. पहिला रेवाकडे."

दगड आलेच. एक पूर्णकांच्या कपाळाला लागला. मोट चालूच राहिली. हिरवे पाणी गेले, चिखल गेला, शेवटी कुजलेली पाने आणि कोणाचा तरी हरवलेला तांब्या निघाला. नाग निघाला नाही. तळ खरवडल्यावर झरे मोकळे झाले आणि नितळ पाणी चढू लागले. तरी घागर कोणी पुढे करीना.

पूर्णक ओंजळभर पाणी प्यायले आणि ते कठड्यावर बसून राहिले. सारे नगर लांबून बघत उभे होते.

"चेहरा निळा पडतोय का हो?"

"सावलीत बसलेत ते."

उत्पला गर्दीच्या पुढे येऊन उभी राहिली. बोलली ती होती, प्यायले ते होते. आपली समजूत चुकली असेल तर? त्यांनी डोळे मिटले की ती पुढे वाकून बघायची. असाच दिवस गेला, रात्र गेली. उजाडले तेव्हा पूर्णकांनी मोठी जांभई दिली. गर्दी दचकून मागे सरली.

"विष सावकाश चढतं," कर्कट म्हणाला. लोकांनी माना डोलावल्या.

तेवढ्यात धनवती उठली. घरात सर्वांत भित्री तीच. दोनदा गाळल्याशिवाय ती लाखबंद पाणीही कधी प्यायली नव्हती. "बसा बघत!" ती म्हणाली. "माझ्या माणसाच्या मरणाची वाट बघत बसा!" तिने घागर उचलली. निम्मे पाणी लुगड्यावर सांडले. उरलेले ती डोळे मिटून प्यायली. मग तिने घागर पुढे केली आणि रेवाने ओंजळ धरली. तिच्यामागे आणखी एक ओंजळ आली. मग आणखी एक.

पूर्णक म्हणाले, "लाखबंद घडा वाटेवरच्या तहानेसाठी असतो. गावाच्या तहानेला विहीरच लागते, आणि विहिरीला गाव."

ही कथा सांगून झाल्यावर शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, भिक्षूंना म्हणाले, "तेव्हाचा कर्कट म्हणजे आज दुसऱ्यांच्या भीतीवर स्वतःचा मान वाढवणारा तो भिक्षू. धनवती म्हणजे विहाराच्या दाराशी वाटसरूंना पाणी देणारी उपासिका. उत्पला म्हणजे संघातली ती अबोल भिक्षुणी. लांब उभे राहून बघणारे नगरजन म्हणजे तुम्ही, आणि पूर्णक मीच होतो. भ्यालेल्याला पाणी विकणे सोपे असते. त्याची भीती स्वतः पिऊन दाखवणे, याला अभयदान म्हणतात."