पिन कुठल्या बाजूने शिरली?

गोष्ट जुनी आहे, पण ऐकण्यासारखी आहे. डोंगराच्या अलीकडे बाजाराचं एक गाव होतं आणि त्या गावात सायकली दुरुस्त करणारे दोघे होते. चौकात गैबी मिस्त्रीचं दुकान. गडी अंगाने पैलवान, हातोडा उचलला की बघणारे दोन पावलं मागे सरत. दुसरी शेवंताअक्का, चावडीच्या मागे बसायची. वडिलांचं दुकान तिने एकटीने चालवलेलं. वय झालं होतं, मनगटं बारीक झाली होती, पण नजर शाबूत. खोटं कशाला बोलू, अशी कारागीर मी दुसरी ऐकली नाही.

एके सकाळी गावची सुईण धापा टाकत गैबीकडे आली. डोंगरापलीकडच्या वाडीवर एक पोर पहिल्याच बाळंतपणात अडली होती. चालत जायचं तर दिवस मावळला असता, आणि सायकल नेमकी आजच रुसलेली. पायडल ज्या लोखंडी दांडीवर असतं ना, तो क्रँक डुगडुगत होता. जुन्या सायकलींचा क्रँक एका आडव्या कॉटर पिनेने अडकवलेला असतो. ती पिन झिजून वाकली होती. जुनी काढायची, नवी घालायची, एवढंच काम.

गैबीने मागचा पुढचा विचार न करता हातोडा उचलला आणि पिनेचं जे टोक समोर दिसलं त्यावर दणादण घाव घातले. पिन बाहेर येईना. तो जोर वाढवी, ती आणखी रुतून बसे. शेवटी घाम पुसत त्याने सांगितलं की, क्रँक कापावा लागेल, आणि असा क्रँक आता कुठे मिळत नाही, तेव्हा सायकल भंगारात गेलीच समजा. सुईणीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती तशीच सायकल ढकलत अक्काकडे गेली. म्हातारी काय दिवे लावते ते बघायला गैबीही मागोमाग गेला.

अक्काने हातोड्याला हातच लावला नाही. चिंधी रॉकेलमध्ये भिजवली आणि पिनेची दोन्ही टोकं पुसत बसली. वर्षानुवर्षांचं तेल आणि माती निघाली. एक टोक जाड होतं, त्यावर गैबीचे घाव उमटलेले. दुसरं टोक बारीक, त्यावर पुसट आटे.

"गैबी, ही पिन जाड बाजूकडून आत जाते. बारीक टोकावर मारलं की बाहेर येते," अक्का म्हणाली. "नट कधीच गळून पडलाय, वर मातीचा थर, म्हणून दोन्ही टोकं सारखी वाटली तुला. इतका वेळ तू ती आत बसवत होतास, बाबा."

गैबीचा चेहरा खर्रकन उतरला. दुसरं कोणी असतं तर चार लोकांत त्याचं हसं केलं असतं. अक्काने फक्त सायकल आडवी केली, पिनेच्या जाड टोकाखाली लोखंडी नळीचा तुकडा उभा धरला, म्हणजे क्रँकला आधार आणि पिनेला पडायला जागा. मग फटीत रॉकेल सोडलं. सुईण घायकुतीला आली होती, चालत निघते म्हणाली. अक्काने तिला हाताला धरून बसवलं. रॉकेल मुरल्यावर तिने हातोडा गैबीपुढे केला.

"माझ्या मनगटात आता जोर नाही. तुझ्यात आहे. एकच घाव घाल, सरळ."

गैबीने घातला. पिन टण्णकन नळीत पडली. अक्काने नवी पिन कानशीने घासून नेमकी बसवली, नट आवळला, आणि ऊन डोक्यावर यायच्या आत सुईण वाटेला लागली.

ती वाडीवर पोचली तेव्हा सगळ्या बाया त्या पोरीला "जोर लाव, जोर लाव" म्हणत होत्या. पोर अर्धमेली झाली होती. सुईणीने सगळ्यांना गप्प केलं, हात धुतले आणि बाळ पोटात कसं आहे ते आधी पोटावर हात फिरवून पाहिलं. बाळ आडवं होतं. हळूहळू, न घाबरता तिने ते वळवलं. मग पोरीच्या कानाशी वाकून म्हणाली, "आता लाव जोर."

थोड्या वेळाने बाहेर बसलेल्या बापाला बाळाचं रडणं ऐकू आलं.

म्हणून या गोष्टीचं तात्पर्य हेच: जोर लावण्याआधी तो कुठल्या बाजूने लावायचा हे जो बघतो, तोच खरा कारागीर.