पहिला खूर

सात जंगलांत माल पोचवणारी कोल्हेसाहेबांची एक कंपनी होती, तेव्हाची गोष्ट. दरवर्षी पोपट कंपनीचे नियम वाचून दाखवायचा, सगळे डुलक्या काढायचे, आणि शेवटी 'ऐकलं, समजलं, मान्य' असं लिहिलेल्या पानावर पाय उमटवून चरायला जायचे. सर्वांत आधी पाय उमटवणाऱ्याला हार मिळे. तीन वर्षं तो गाढवाला मिळत होता आणि ते बावळट तो गावभर मिरवायचं.

एकदा नदीपलीकडच्या जंगलात माल पोचवायचा होता. गाढव म्हणालं, "साहेब, वाळूतून जवळ पडेल. पण तिथं कासवांची अंडी आहेत म्हणे."

"कसा जातोस ते मला सांगू नकोस. माल दुपारी पोचला पाहिजे."

गाढव वाळूतून गेलं. माल वेळेवर पोचला. अंडं मात्र एकही उरलं नाही.

संध्याकाळी त्या जंगलाचे पंच दारात आले. कोल्ह्यानं हळहळत पान पुढं केलं. "सातवा नियम बघा. ज्या जंगलात जाल, तिथला कायदा पाळा. खाली पहिला खूर कुणाचा? आम्ही शिकवलं होतं हो!"

"पण साहेब, तुम्हीच..."

"मी वाळूतून जा म्हणालो?"

तसं साहेब खरंच म्हणाले नव्हते. पंच गाढवाला घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी पोपटानं नवा, आठवा नियम वाचला, 'चुकीचा हुकूम पाळणाराच जबाबदार.' सगळे पेंगत होते. वाचन संपताच खेचर सर्वांना ढकलत पुढं आलं, पानावर खूर आपटून त्यानं मान वाकवली आणि विचारलं, "हार कुठाय?"